प्रोसेसर कुठवर बदलता येतो, ते खोक्यावर छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या संगणकाकडून आणखी काही वर्षे काम कसे काढून घ्यावे, यावरचा लेख आपल्या पुरवणीत वाचला. हार्ड डिस्क काढून एसएसडी लावा, रॅम वाढवा, आतली धूळ झाडा, हा सल्ला चोख आहे. प्रोसेसरचा परिच्छेद मात्र घाईत उरकलेला दिसला. सॉकेट (मुख्य बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा) जुळला की नवा प्रोसेसर बसतो, एवढेच त्यात म्हटले आहे. बसतो, हे खरे. पण चालेल का, हे कंपनीकडून तयार येणाऱ्या ब्रँडेड संगणकात सॉकेटपेक्षा भलत्याच गोष्टींवर ठरते, आणि त्यांतली एकही लेखात आलेली नाही. लेख वाचून कोणी खिशात हात घालण्याआधी हे लिहिणे मला गरजेचे वाटले.

मी डीटीपी करते. पुस्तकांची जुळणी हे नेहमीचे काम. अलीकडे जुन्या अंकांची स्कॅन केलेली पाने ओसीआर करून मजकुरात आणण्याचे कामही बरेच असते. संगणकशास्त्र शिकलेली नाही, पण रोजीरोटी ज्या यंत्रावर आहे त्याचे झाकण उघडायला मी घाबरत नाही. माझा संगणक ऑफिसांत असतो तसला, चिंचोळ्या कॅबिनेटचा आणि एका नामांकित कंपनीचा आहे. त्यात इंटेलचा आठव्या पिढीचा कोअर आय३-८१०० होता: चार कोअर, चार थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामे), ३.६ गिगाहर्ट्झ. एसएसडी आणि १६ जीबी रॅम आधीच लावलेली होती. तरी ओसीआर सुरू केले की टास्क मॅनेजरमध्ये चारही कोअर शंभर टक्क्यांना भिडत आणि मला पान जुळवायला दुसरी खिडकी उघडता येत नसे. डिस्क निवांत, रॅम अर्धी रिकामी, प्रोसेसर तेवढा घामाघूम. असे चित्र दिसले तरच प्रोसेसर बदलण्यात अर्थ आहे. डिस्कचा आकडा शंभरावर अडकलेला असेल तर प्रोसेसरवर पैसे घालू नयेत. हे पाहायला फुकट पडते, पण लेखात ते नव्हते.

आता सॉकेटविषयी. इंटेलचा एलजीए ११५१ हा सॉकेट २०१५ मध्ये सहाव्या पिढीबरोबर आला, सातव्या पिढीलाही तोच चालला. २०१७ च्या शेवटी आठवी पिढी आली तीही ११५१ पिनांवर. आकार तोच, कडेच्या खाचा त्याच, खटका त्याच जागी. आठव्या पिढीचा प्रोसेसर सहाव्या पिढीच्या बोर्डात अलगद बसतो, आणि बटण दाबल्यावर पडदा काळाच राहतो. इंटेलने पिनांची कामे बदलली होती. प्रोसेसरला वीज देणाऱ्या पिना १२८ होत्या त्या १४६ केल्या, राखीव ठेवलेल्यांतल्या बऱ्याच कामाला लावल्या आणि नव्या पिढीला ३०० मालिकेचा चिपसेट (प्रोसेसर आणि बाकीच्या भागांची सांगड घालणारी बोर्डावरची चिप) सक्तीचा केला. काही हौशी मंडळींनी बायोसमध्ये (यंत्र सुरू करणाऱ्या, बोर्डावरच्या प्रोग्रॅममध्ये) फेरफार करून आणि पिनांवर चिकटपट्टी लावून जुन्या बोर्डांवर हे प्रोसेसर चालवून दाखवले आहेत. त्यावरून कंपनीच्या कारणांबद्दल काय वाटायचे ते वाटो, ज्याला उद्या सकाळी त्याच यंत्रावर काम करायचे आहे त्याने त्या वाटेला जाऊ नये.

हे एकच उदाहरण असते तर मी पत्र लिहिले नसते. दहावी आणि अकरावी पिढी एलजीए १२०० या एकाच सॉकेटची, पण एच४१० आणि बी४६० या चिपसेटांना इंटेलने अकराव्या पिढीपासून दूर ठेवले, आणि स्वस्तातल्या तयार संगणकांत नेमके असलेच चिपसेट असतात. इंटेलची स्पर्धक असलेल्या एएमडीने एएम४ हा सॉकेट बरीच वर्षे टिकवला, त्याबद्दल त्यांचे कौतुक होते आणि ते रास्तही आहे. पण ए३२० सारख्या पहिल्या बोर्डांना रायझन ५००० मालिका चालेल असे अधिकृतपणे म्हणायला २०२२ उजाडले. तेही बायोस नवा मिळाला तर. सुट्या बोर्डाला तो बोर्ड बनवणारी कंपनी देते. तयार संगणकातला बोर्ड बहुधा त्या संगणक कंपनीसाठी खास बनवलेला असतो, त्याचा बायोस फक्त तीच देऊ शकते, आणि विक्री संपलेल्या मॉडेलवर मेहनत घेण्यात तिला रस असेलच असे नाही.

बायोसचे महत्त्व इतके का, हेही सांगते. यंत्र सुरू होताना पहिल्यांदा जागा होतो तो बायोस. समोरचा प्रोसेसर कोणता हे ओळखून त्याच्यासाठीचा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या कामाच्या सूचना) तो भरतो. ओळख पटली नाही तर गाडी तिथेच थांबते, मग सॉकेट कितीही जुळो. हा मायक्रोकोड पुढेही लागतो. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांना गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळून ते कायमचे बिघडू लागले, तेव्हा ऑगस्ट २०२४ पासून दुरुस्तीचा मायक्रोकोड देण्यात आला. झालेले नुकसान त्याने भरून येत नाही, पुढचे टळते, असे इंटेलनेच स्पष्ट केले होते. हा मायक्रोकोड घरोघर पोचला तो बायोसमधूनच. तेव्हा कोणी तयार संगणकात जुना तेराव्या पिढीचा मोठा प्रोसेसर टाकणार असेल तर आधी त्या मॉडेलच्या बायोसची तारीख पाहावी.

माझ्या धाकट्या भावाकडे सहाव्या पिढीचा आय५-६५०० आहे. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढची लागते, आणि त्यात आपला लेख हाती पडला. त्याने लगेच फोन केला. "ताई, आठव्या पिढीचा प्रोसेसर घेतो, पिना तितक्याच आहेत." मी त्याला थांबवले. त्याच्या यंत्रात फार तर आय७-६७०० जाईल. कंपनीने नंतर बायोस दिला असेल तर आय७-७७००. दोन्ही चार कोअर आणि आठ थ्रेडचे, दोन्ही ६५ वॅटचे, दोन्ही त्याच्या आत्ताच्या प्रोसेसरपेक्षा वेगवान. पण दोन्ही विंडोज ११ च्या अधिकृत यादीबाहेरचे. प्रोसेसर बदलून त्याचा खरा प्रश्न सुटणार नव्हता. त्याचे काम ब्राउझर आणि हिशेबाच्या तक्त्यांचे, तेव्हा लिनक्स घाल म्हणाले. अजून कुरकुरतो आहे.

माझ्या बाबतीत गंमत वेगळी झाली. प्रोसेसर घेण्याआधी कंपनीच्या मदतवाणीला फोन केला. मॉडेल क्रमांक दिला आणि यात आय७-८७०० चालेल का, असे विचारले. पलीकडच्या मुलीने अतिशय आदबीने सांगितले, "मॅडम, या मॉडेलमध्ये प्रोसेसर अपग्रेड होत नाही." का होत नाही, यावर उत्तर नव्हते. त्याच कंपनीच्या संकेतस्थळावर त्याच मॉडेलची सर्व्हिस पुस्तिका सर्वांसाठी ठेवलेली आहे. तिच्यात प्रोसेसर कसा काढावा आणि कसा बसवावा याचे चित्रांसह पान आहे. पुढे हे मॉडेल कोणकोणत्या प्रोसेसरांसह विकले गेले त्याची यादी आहे, तिच्यात आय७-८७०० चे नाव ठळक आहे. म्हणजे कारखान्यातून माझ्याच खोक्याचा एक भाऊ तो प्रोसेसर घेऊन बाहेर पडला होता. त्या मुलीचा यात काही दोष नाही, तिच्यापुढच्या पडद्यावर जे लिहिले होते ते तिने वाचले.

तयार संगणकाच्या बाबतीत मी आता सगळ्यांना हेच सांगते, की त्याच मॉडेलमध्ये कंपनीने स्वतः जो सर्वांत मोठा प्रोसेसर विकला तो घ्यावा आणि त्यापुढे जाऊ नये. त्यासाठीचा बायोस आहे, बोर्डाला तेवढी वीज पेलते आणि कॅबिनेटमधून तेवढी उष्णता बाहेर जाते, हे सगळे कंपनीने आधीच तपासलेले असते. माझ्या बोर्डात नववी पिढीही चालली असती अशी चर्चा वाचनात आली होती. यादीत नव्हती, मी तिकडे वळले नाही.

मात्र प्रोसेसर तोच असला तरी त्याभोवतीचे सामान तेच असते असे नाही. यादीच्या पुढच्या पानावर सुट्या भागांचे क्रमांक होते, त्यांत हीटसिंक, म्हणजे प्रोसेसरची उष्णता खेचणारे धातूचे ठोकळे, दोन निघाले. आय३ बरोबर येणारा निव्वळ ॲल्युमिनियमचा, बुटका. आय७ बरोबर येणारा तांब्याच्या गाभ्याचा, थोडा उंच. बाजारात मिळणारा कोणताही कूलर इथे बसत नाही, कारण स्क्रूची भोके आणि उंची कंपनीच्या मापाची, आणि काही यंत्रांत तर पंख्याची तारही वेगळ्या जोडणीची. ओळखीचा पंखा दिसला नाही की सुरू होतानाच बायोस तक्रार करून अडून बसतो. मी तो दुसऱ्या क्रमांकाचा हीटसिंक जुन्या यंत्रातून निघालेला मिळवला. प्रोसेसर मिळवण्यापेक्षा त्यालाच जास्त खटपट पडली.

वॅटच्या आकड्याबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण फसगत इथेच होते. ८१०० वरही ६५ वॅट लिहिलेले असते, ८७०० वरही ६५. याचा अर्थ दोन्ही सारखी वीज खातात असा नाही. तो आकडा मूळ वेगाला सतत काम करताना धरलेला असतो. टर्बोत, म्हणजे मूळच्यापेक्षा वाढीव वेगात, गेला की ८७०० थोडा वेळ त्याच्या बराच वर जातो. नव्या पिढ्यांत ही तफावत डोळे फिरवणारी आहे. आय३-१२१०० चा मूळ आकडा ६० वॅट, टर्बोत ८९. आय७-१२७०० चा मूळ आकडा ६५ आणि टर्बोत १८०. आय९-१२९०० वरही ६५ च लिहिलेले असते, टर्बोत तो २०२ वॅटपर्यंत जाऊ शकतो. तिन्ही एकाच सॉकेटचे. आय३ साठी बेतलेल्या छोट्या खोक्यात, छोट्या हीटसिंकखाली आणि जेमतेम एसएमपीएसवर (वीजपुरवठ्याच्या डब्यावर) आय९ टाकला तर तो बहुधा सुरू होईल, पण मिळेल तेवढ्याच विजेत आणि सोसेल तेवढ्याच उष्णतेत रडतखडत चालेल. किंमत आय९ ची मोजायची आणि वेग कुठला मिळेल ते खोके ठरवणार. पुस्तकाएवढ्या आकाराच्या यंत्रांत हे आणखी कडक असते. तिथे बरेचदा ३५ वॅटचे, नावामागे 'टी' असलेलेच प्रोसेसर चालतात.

एसएमपीएस मोठा बसवू म्हणाल तर तिथेही कुंपण. सुट्या भागांच्या संगणकात बोर्डाला २४ पिनांची ठरलेली जोडणी असते. तयार संगणकांच्या कित्येक मॉडेलांत कंपनीची स्वतःची, कमी पिनांची जोडणी असते आणि एसएमपीएसचा आकारही त्या कॅबिनेटपुरता. त्यामुळे बाहेरचा लागत नाही.

माझ्या प्रोसेसरचे काय झाले ते सांगायला हवे. जुना प्रोसेसर आत असतानाच बायोस अद्ययावत केला. नंतर करू म्हटले आणि नवा ओळखलाच गेला नाही तर पंचाईत. त्याआधी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवली. ही पायरी लोक हटकून विसरतात. विंडोजने डिस्क कुलूपबंद केली आहे हे पुष्कळांना ठाऊकच नसते. बायोस बदलला की यंत्र ४८ अंकी की मागू शकते, आणि ती नसेल तर स्वतःच्याच फाइलींपुढे आपण तिऱ्हाईत होतो. एएमडीच्या यंत्रांत तर ज्या टीपीएमवर (किल्ल्या जपणाऱ्या सुरक्षा-भागावर) हे कुलूप असते तो बहुधा प्रोसेसरमध्येच असतो, त्यामुळे प्रोसेसर काढला की कुलूपही हलते. विंडोजच्या परवान्याची भीती मात्र बाळगू नये. तयार संगणकात त्याची की बोर्डावरच्या बायोसमध्ये असते, निव्वळ प्रोसेसर बदलल्याने सहसा काही बिघडत नाही.

बाकी काम साधे. इंटेलच्या या सॉकेटात नाजूक पिना बोर्डावर असतात, तिथे बोट लागू द्यायचे नाही. एएम४ मध्ये त्या प्रोसेसरच्या पोटाला असतात आणि वाळलेल्या थर्मल पेस्टमुळे (उष्णता वाहून नेणाऱ्या लेपामुळे) हीटसिंकबरोबर प्रोसेसरही उपटून येतो. म्हणून आधी यंत्र थोडा वेळ चालवून गरम करावे, मग बंद करून, वायर काढून, हीटसिंक हलकेच फिरवत सोडवावा. नवी पेस्ट थोडीशीच पुरते.

आता ओसीआर लावले की ८७०० चे बाराही थ्रेड कामाला लागतात. सुरुवातीला काही क्षण वेग ४.३ गिगाहर्ट्झ दिसतो, मग खोक्याच्या मर्यादेत उतरून ३.६ च्या आसपास स्थिरावतो. तरीही तेवढ्याच वेळात जवळजवळ दुप्पट पाने होतात आणि शेजारी जुळणीही करता येते. पत्र टंकताना, मेल वाचताना काडीचाही फरक जाणवत नाही. ज्यांचे काम तेवढेच आहे त्यांनी या भानगडीत पडू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

जुन्या यंत्रातून निघालेला प्रोसेसर घेणाऱ्यांना एक सावधगिरीची सूचना. एएमडीच्या काही प्रोसेसरांत प्लॅटफॉर्म सिक्युअर बूट नावाची सोय असते. संगणक कंपनीने ती चालू केली असेल तर प्रोसेसरमधले सूक्ष्म फ्यूज कायमचे उडवून तो त्या कंपनीच्या सहीच्या फर्मवेअरशी (बायोसशी) बांधला जातो. मग दुसऱ्या कंपनीच्या बोर्डात तो निर्जीव. वरून पाहून काहीही कळत नाही. हेतू सुरक्षेचा आहे हे मान्य, पण धडधाकट प्रोसेसर दुसऱ्या घरी कामाचा राहत नाही, आणि विकणाऱ्यालाही ते ठाऊक असतेच असे नाही. म्हणून तो आधी कोणत्या यंत्रात होता हे विचारूनच घ्यावा.

माझे म्हणणे कंपन्यांशी आहे. नव्वदच्या दशकात याच इंटेलने ओव्हरड्राइव्ह नावाचे प्रोसेसर खास जुन्या यंत्रांसाठी विकले. ४८६ च्या बोर्डांत बसणारा पेंटियम ओव्हरड्राइव्ह १९९५ चा. आपल्या यंत्रात पुढे मोठा प्रोसेसर बसतो, हे तेव्हा जाहिरातीत अभिमानाने सांगितले जाई. आज तीच माहिती सर्व्हिस पुस्तिकेच्या पोटात असते आणि मदतवाणी तिचा इन्कार करते. मी कुठल्याही प्रोसेसरची हमी मागत नाही. ग्राहकाने स्वतः उघडलेल्या यंत्राची जबाबदारी घ्या असेही म्हणत नाही. जी यादी कंपनीकडे तयार आहे, जिच्यावरून तिचेच तंत्रज्ञ भाग मागवतात, ती खोक्यावर किंवा निदान विक्रीच्या पानावर छापावी: या मॉडेलमध्ये जास्तीत जास्त अमुक प्रोसेसर, त्यासाठी बायोसची अमुक आवृत्ती, अमुक क्रमांकाचा हीटसिंक, एसएमपीएस अमुक वॅटचा आणि त्याची जोडणी ठरलेल्या मापाची की कंपनीची. चार ओळींचा मजकूर आहे. आणि मॉडेल बंद झाले तरी त्याचे बायोस संकेतस्थळावरून काढू नयेत. खरेदी करतानाच हे कळले तर आय३ घेऊन पुढे वाढवायचा की आत्ताच आय५ घ्यायचा, हे माणूस डोळे उघडे ठेवून ठरवू शकेल. आज विक्रेताही ते सांगू शकत नाही.

आपल्याकडे एवढीच विनंती की पुढच्या पुरवणीत त्या लेखाला जोडून खुलासा द्यावा: एलजीए ११५१ सॉकेट असला तरी सहाव्या-सातव्या पिढीच्या संगणकात आठव्या-नवव्या पिढीचा प्रोसेसर चालत नाही, आणि तयार संगणकात प्रोसेसर घेण्यापूर्वी त्या मॉडेलची सर्व्हिस पुस्तिका पाहावी. माझ्या भावाने निदान फोन तरी केला.

आपली,
डीटीपी करणारी एक वाचक